स्ट्राउडनं केलेल्या खुणा

"हेपण मी करतो," म्हणत व्हर्लिन स्ट्राउडनं आणखी एका चौकोनात खूण केली.

मुख्यालयाची प्रश्नावली होती: विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सची कोणकोणती कामं तुम्ही करता? व्हर्लिन शत्रूच्या रडारला चकवणाऱ्या यंत्रांचा तंत्रज्ञ, सतरा वर्षं मुरलेला. मी शेजारच्या रेडिओ विभागातली. आमच्या तळावर माणसं कायम कमी. विमान उडायला हवं, म्हणून जो मोकळा असेल तो हात घालायचा आणि काम बरोबर झाल्याची सही ज्याच्या त्याच्या विभागानं करायची.

"रेडिओच्या कामांपुढे कशाला खूण करतोस? ती माझी आहेत," मी म्हटलं.

"जानेवारीत तुझा अँटेना बदलताना बोटं कोणाची गोठली होती गं?"

खरंच होतं ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं, की बाबा, तू काय काय करतोस? त्याला हुरूप चढला होता. मग मीही त्याच्या कामांपुढे चार खुणा ठोकल्या.

आठ महिन्यांनी आदेश आला. दोन्ही विभागांची माणसं बहुतेक सारखीच कामं करतात, सबब दोन्ही एक. जुने सहीचे अधिकार रद्द, सगळ्यांनी नव्या यादीप्रमाणे पुन्हा परीक्षा द्यायची. आमचे मेजर फार गोड बोलतात. ही तुमचीच उत्तरं आहेत, म्हणाले.

"मीच लिहून दिलं," व्हर्लिन मला म्हणाला. निवृत्तीला तीन वर्षं होती. तोवर आपली विद्या कोणाच्या तरी हाती नीट सोपवावी, एवढीच त्याची इच्छा होती. मला तोंड वर करवेना.

त्याची परीक्षा घ्यायला डेनिशा प्रुइट आली. तेवीस वर्षांची, नव्या एकत्र अभ्यासक्रमातून बाहेर पडलेली पहिलीच. विमानाच्या पोटाखाली बसून त्यानं चकव्याचा डबा काढला, बसवला. तिनं संकोचत सही केली.

"हे शिकायला किती दिवस दिले तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"चार, सार्जंट."

"बिघाड कसा शोधायचा?"

"डबा बदलायचा."

"आणि नवाही तसाच वागला तर?"

ती यादी चाळू लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून.  तिला नीट दिसावं म्हणून टॉर्च तिच्या कागदावर धरून व्हर्लिन उभा राहिला.