बोटभर उंच खांदा

"अजून घास. अजून दुकानातला वाटतोय."

माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. बोलणारे होते कपडेपटाचे म्हातारे ॲल्डरसन मास्तर, आणि पॉलिशपेपर घेऊन माझी कोपरे घासत होती बावीस वर्षांची हेझल पिंडर.

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. पण खरे सांगायचे तर मी कधी नवा नव्हतोच. शिवून झाल्यावर तासाभरातच मला म्हातारपण आले. अंगावर दगडाची पूड चोळली, पाठीवर चहाचे पाणी शिंपडले, बाह्या दोरीने आवळून वाफ दिली. का, तर पडद्यावरचा वीर कॅप्टन स्टॅनवे दहा वर्षे वाळवंटे तुडवून आलेला दिसला पाहिजे. सिनेमाच्या धंद्यात जुनेपण असे हाताने करतात. पुढे खरे जुनेपण आले, तेव्हा मात्र कुणालाच ते नको होते.

मेणकापडाचा, मातकट रंगाचा, गुडघ्याखाली येणारा असा मी. लंडनच्या पश्चिमेला, शेतांच्या मधोमध असलेल्या एका स्टुडिओत माझा जन्म झाला. मला आठ भाऊ होते. एक पावसात भिजायला, एक आगीत जळायला, दोन उड्या मारणाऱ्या बदली गड्यांना, असे करत सगळे संपले. मी एक नंबर. चेहरा जवळून टिपायचा असेल तेव्हा अंगावर मीच लागे, म्हणून मी उरलो.

मला घालणारा माणूस होता एमरिस वॉन. उत्तर वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीजवळ वाढलेला. लहानपणी दगडाच्या गाडीवरून पडला, हाड वेडेवाकडे जुळले, आणि डावा खांदा बोटभर खाली राहिला. मास्तरांच्या नजरेतून ते सुटले नाही. त्यांनी माझ्या डाव्या खांद्याच्या गादीत बोटभर जाडीचा नमदा, म्हणजे दाबून केलेली लोकर, जास्त भरला आणि अस्तर शिवून टाकले. हेझलला म्हणाले, "त्याला सांगू नकोस. ज्याला आपला खांदा सरळ वाटतो, तोच सरळ चालतो."

आणि काय चालायचा तो! उतारावरून खाली येताना असे वाटे की डोंगरच त्याला वाट देतो आहे. एकेचाळीस वर्षांत सात चित्रपट झाले. कार्डिफच्या पहिल्या खेळाला पावसात लोक रस्ताभर उभे होते. एका म्हाताऱ्या खाणकामगाराने पुढे होऊन नुसती माझी बाही चाचपली, मान हलवली, आणि सही न मागता तो निघून गेला. तेवढ्या एका स्पर्शावर मी पुढची कित्येक वर्षे जगलो.

कारण मध्ये वाईट दिवसही आले. सहाव्या चित्रपटानंतर अकरा वर्षे मला कुणी हाक मारली नाही. थंड कोठारात, सुती पिशवीत, कापराच्या वासात मी लटकत राहिलो. पण हेझलने नेम मोडला नाही. दर सोमवारी सकाळी ती येई, पिशवी उतरवी, कॉलरपासून खाली एकाच दिशेने ब्रश फिरवी आणि हलकेच म्हणे, "आहात ना अजून?" देवापुढची वात सारखी करावी, तसे ते काम ती करी.

सातव्या चित्रपटानंतर तो प्रश्न उभा राहिला. एमरिस सत्तरी ओलांडून गेले होते. आता कॅप्टन स्टॅनवे दुसऱ्या कुणाला द्यायचा, की त्याला कायमचा घरी पाठवायचा? स्टुडिओच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. एक वायरमन म्हणाला, "राणी गेली, नाण्यावर राजा आला. चहा होता तेवढाच गरम आहे." त्यावर दुसरा म्हणाला, "मग बायकोही बदल की. तुझं लग्नही पंचवीस वर्षांचं झालंय." सगळे हसले, पण त्या दिवशी दोन टेबलांवरची माणसे एकमेकांशी बोलली नाहीत.

निर्माते ज्युलियन क्रास्क यांना वीर थांबवायचा नव्हता. त्याच्यावर दोनशे घरांच्या चुली होत्या. त्यांनी तीन तरुण नट बोलावले. तिघांनाही आरशासमोर उभे करून मला चढवले. मित्रांनो, पुढे काय झाले असेल ते तुम्ही ओळखले असेल. त्या तिघांचे खांदे सरळ होते. सरळ खांद्यावर माझी डावी बाजू वर चढे, कॉलर मानेपासून सुटे, माणूस वाकडा दिसे. क्रास्क लांबून पाहत आणि म्हणत, "नाही. कोट याला घेत नाही." तिसरा मुलगा, रेफ टेनिक, फार गुणी होता. त्याने आरशात स्वतःकडे पाहिले, खांदा खाली पाडून पाहिला, आणि ओशाळून म्हणाला, "माझंच काहीतरी चुकतंय."

हेझल टाचण्यांची डबी हातात धरून बाजूलाच उभी होती. मास्तरांच्या पश्चात माझे अस्तर तिच्याशिवाय कुणी उसवत नसे. दोन टाके उसवले असते तर त्या मुलाचे नशीब उघडले असते. ती गप्प राहिली. तिला वाटले, कोट दुसऱ्याचा झाला तर मिस्टर वॉन संपतील. आणि मी? मला अभिमान वाटला. वर्तमानपत्रांनी लिहिले की खऱ्या वीराला कोटच ओळखतो, आणि मी ते खरे मानले. खांद्यातल्या मूठभर नमद्याला मी निष्ठा समजलो. याची लाज मला आजही वाटते.

कोट कुणालाच घेत नाही, म्हणून क्रास्क यांनी आठव्या चित्रपटासाठीही एमरिस यांनाच बोलावले. म्हणाले, चेहरा यंत्रावर तरुण करता येतो. गुडघे करता येत नाहीत, हे कुणी बोलले नाही. त्यांनी मला अंगावर घातले तेव्हा आतला माणूस केवढा आटला आहे, ते मला पहिल्यांदा कळले. माझ्या पाठीत दोन मुठी वारा खेळत होता.

परवा चित्रीकरणाचा तिसरा दिवस. मठाच्या पायऱ्या, वर दार, आणि एमरिस यांना एकच वाक्य म्हणायचे होते. ते त्यांना आठवेना, म्हणून कानात बारीकसे यंत्र बसवले आणि पडद्यामागून सहायक एकेक शब्द सांगू लागला. एमरिस यांनी छाती भरून घेतली, हात उंचावला आणि जुन्या घनगंभीर आवाजात म्हणाले, "हे दार माझ्या आजोबांनी, थांबा, चुकलं, मागच्या ओळीपासून घेऊ."

सहायकाने स्वतःची चूक सुधारली होती, तीही त्यांनी संवादासारखीच म्हणून टाकली. सगळा सेट हसला. एमरिसही हसले. मग त्यांनी हळूच मागे वळून विचारले, "छान झालं ना?" तेव्हा हसणे जागच्या जागी विरले. एका बाईने तोंड फिरवले. क्रास्क हेझलच्या शेजारी येऊन कपाळ चोळत पुटपुटले, "एखाद्यावर जरी हा कोट बसला असता ना, मिसेस पिंडर, तर आज मी त्यांना घरी पाठवलं असतं."

आज सकाळी कपडे चढवण्याच्या खोलीत एमरिस बराच वेळ खुर्चीवर बसून होते. डोळे अगदी स्वच्छ होते. असे ते आता क्वचितच असतात. हेझल माझी बटणे लावत होती. त्यांनी तिचे मनगट धरले.

"पोरी, मी यांना हसवतोय ना गं?"

हेझल आता त्रेसष्ट वर्षांची आहे, पण त्यांच्या लेखी ती पोरच. ती म्हणाली, "कोण म्हणतं?"

"खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही. हे बघ, हा कोट दुसऱ्या कुणाला दे, नाहीतर मला याच्यात गुंडाळून पुरा. पण परत माझ्या अंगावर घालू नकोस. मला घरी जायचंय. वचन दे."

"दिलं."

"मी मागायला आलो तरी?"

तिने होकाराची मान हलवली. मग लावलेली बटणे तिने एकेक करून सोडली.

मित्रांनो, इथेच माझी गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. जेवणानंतर एमरिस पुन्हा आले. सकाळचे सगळे पुसून गेले होते. आरशासमोर उभे राहून त्यांनी एकेचाळीस वर्षांच्या सवयीने दोन्ही हात मागे केले आणि ते बाह्यांची वाट पाहू लागले. हात तसेच धरलेले. मी खुंटीवर होतो. हेझलने मला काढले नाही. थोड्या वेळाने ते लहान मुलासारखे म्हणाले, "हेझल, माझा कोट कुठंय? तू कुणाला दिलास का?"

तिने त्यांचे हात हळूच खाली आणले, त्यांना खुर्चीवर बसवले, गुडघ्यांवर शाल घातली. ते रागावले होते. तिच्याकडे बघायला तयार नव्हते.

तुम्हांला मला एवढेच सांगायचे आहे. तुम्ही आम्हांला प्रेमाने जपता, पेटीत ठेवता, पुन्हा पुन्हा बाहेर काढता. पण जे थकले आहे त्याला विसावा देणे, हेही जपणेच आहे. कोटाला ब्रश पुरतो. माणसाला कुणीतरी वेळेवर "आता पुरे" म्हणावे लागते, आणि ते म्हणणाऱ्याला सहसा कुणी आशीर्वाद देत नाही. माझे पुढे काय होईल, ते मला ठाऊक नाही. काचेची पेटी, किंवा त्या गुणी मुलाची सरळ पाठ. एमरिस यांचा मात्र मी आता राहिलो नाही.

हेझलने माझ्या डाव्या खांद्याची गादी एकदा चाचपली आणि टाचण्यांची डबी बंद केली. हात धुतले, केस सारखे केले, दारातल्या मुलीला दबक्या आवाजात सांगितले की मिस्टर वॉन यांना जरा बिस्किटे आणून दे, साखर कमी. मग ती अंगण ओलांडून, कुणाकडे न बघता, क्रास्क यांच्या कचेरीचा जिना चढू लागली.