अकरा सूचना

“चाल शीला, मी तयार हाये,” तानुबाई म्हणाली.

जीप अजून अंगणात नीट थांबलीही नव्हती. ती ओसरीतल्या बाजेवर बसली होती, पायात चपला, मांडीवर कापडी पिशवी. मला पाहून उठली, पदर खोचला आणि थेट जीपकडे निघाली. मागून तिचा भाऊ उत्तमराव धावत आला.

“अवं थांब तानू! सिस्टरले चा तं घेऊ दे!”

“तुमी पाजा चा. मी गाडीत बसतो.”

मी तिचा दंड धरला, परत ओसरीवर आणलं आणि म्हटलं, “बस बापा जराशी. आल्या पावली कोनी पळते काय?” असं म्हणताना मी हसत होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

तो आनंद का वाईट होता, ते आधी सांगते. मी धम्मशीला. बुलढाण्याजवळ मनोरुग्णांची एक संस्था आहे, तिथं बायकांच्या वॉर्डची सिस्टर. सव्वीस वर्षं झाली. तानुबाई आमच्याकडे एकोणीस वर्षं होती. पंधरा दिवसांपूर्वी मीच तिला घाट उतरून इथं, वडनेर भोलजीला, तिच्या माहेरी सोडून गेले होते. याला आम्ही चाचणी म्हणतो. पंधरा दिवस माणूस घरी राहतं, मग सिस्टर जाऊन पाहते. जमलं असेल तर तिथंच राहायचं, नसेल तर परत वॉर्डात. आणि चाचणीत परत आलेल्या बाईला दुसऱ्यांदा कोणी नेत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नातेवाईक नकाराची सही करतात, मग त्यांचा फोनही लागत नाही. तानुबाई आज जीपमध्ये बसली असती, तर तिला मरेपर्यंत खिडकीजवळची तीच खाट होती.

हे सगळं माहीत असून मला आनंद झाला. मेलं मनच तसलं.

गेले पंधरा दिवस माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. म्हणजे बोलायचे सगळे. “सिस्टर, गोळ्या संपल्या,” “सिस्टर, ती सात नंबर रडते.” याला बोलणं म्हणत असाल तर म्हणा. मला भाऊ आहे, भाचे आहेत, चौदा एप्रिलला सगळ्यांचे फोन येतात. लग्न मी केलं नाही, राहून गेलं. संस्थेतच क्वार्टर आहे, तिथं संध्याकाळी एका माणसाची भाकर थापायची आणि टीव्ही लावायचा. तानुबाई रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन कमरेवर हात ठेवायची आणि विचारायची, “झोपली काय वं रातच्यानं?” वॉर्डात हे मी पेशंटांना विचारायचं असतं. मला विचारणारी ती एकटीच.

“काऊन वं, काय झालं?” मी तिला विचारलं. “कोनी बोललं काय तुले?”

“नाई.”

“मारलं?”

“नाई वं. चांगले हायेत बिचारे.” तिनं आवाज खाली आणला. “पन तिकडं जेवाले चाळीस बाया रायतात. इथं मी एकटी खातो आन् हे चौघं मले पायत बसतात.”

मला काही समजेना. तेवढ्यात उत्तमराव अभिमानानं म्हणाले, “सिस्टर, तुमच्या कागदातली एकई गोष्ट चुकवली नाई पाहा आम्ही. घरात या, दाखोतो.”

देवघराशेजारी कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरशेजारी माझा कागद. निघताना मी हातानं लिहून दिलेल्या अकरा सूचना. नांदुऱ्याला नेऊन लॅमिनेशन करून आणलेल्या. वरच्या कोपऱ्यात कुणीतरी हळदकुंकवाचं बोटही लावलं होतं.

एक, गोळी गिळल्यावर जीभ वर करून दाखवायला सांगणे. चार, जेवण समोर बसून द्यावे, किती खाल्ले ते पाहावे. सहा, विळी, चाकू, कात्री, काडीपेटी हाती देऊ नये. सात, स्वयंपाकघरात एकटे सोडू नये. आठ, लहान मुलांजवळ एकटे सोडू नये. नऊ, फार बोलू नये, उत्तेजित होऊ देऊ नये. अक्षर माझंच, सुबक.

“पोरगा-सून बोलत नाईत तिच्यासंगं,” उत्तमराव सांगत होते. “मीबी नाई बोलत. नवव्या नंबरात लिहेल हाये ना. छकुलीले तं आम्ही तिच्या खाटंपाशी जाऊच देत नाई. रात्री नवाले तिच्या खोलीले बाहेरून कडी लावतो.”

“कडीचं कुठी लिहिलं म्या?”

“ते आमच्या मनानं लावली. एखांदी गोष्ट जास्त झाली तं बरंच हाये ना?”

मी त्या कागदाकडे पाहत राहिले. या लोकांनी काही वाईट केलं नव्हतं. भोळेपणानं, देवाचं करावं तसं, माझा वॉर्ड उचलून आणून घरात मांडला होता. फक्त त्यात चाळीस बाया नव्हत्या.

अंगणात जाऊन मी आमच्या चंद्रशेखर डॉक्टरांना फोन लावला. पोरगेला माणूस, पण शहाणा आहे. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सिस्टर, यादी दिली कोणी? आपण घरी सोडताना औषध, झोप आणि दर महिन्याची तपासणी एवढंच सांगतो.”

“मी दिली.”

“का?”

तिच्या कागदपत्रांत मी वाचलं होतं की एकोणीस वर्षांपूर्वी आजाराच्या भरात ती भावजयीच्या अंगावर विळी घेऊन धावली होती. ती भावजय, म्हणजे उत्तमरावांची बायको, आता हयात नाही. गेली अकरा वर्षं तानुबाई शांत आहे. मी भीतीनं लिहिलं, की हे जमू नये आणि ती माझ्याकडे परत यावी म्हणून लिहिलं, हे मला त्या दिवशीही सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. मी म्हटलं, “चुकलं, सर.”

“मग दुरुस्त करा. तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. विळीची भीती वाटते तुम्हाला?”

“नाही,” म्हटलं. आणि ते खरं होतं.

घरात आले, पेन काढलं आणि सहाव्या सूचनेवर काट मारायला गेले. प्लॅस्टिकवर पेन चालेचना. तीनदा घासलं, उमटलं काही नाही. मग सगळा कागदच खिळ्यावरून काढला आणि पर्समध्ये कोंबला.

उत्तमराव घाबरले. “अवं सिस्टर! मंग आम्ही कोनाच्या भरोशावर ठेवाव तिले?”

“सकाळ-संध्याकाळ गोळी द्या. रोज झोपते का पाहा. दोन रात्री झोपली नाई तं मले फोन करा, अर्ध्या रात्री करा. महिन्याले तपासणीले आना. बाकी तुमची बहीण हाये, मी काय सांगू?”

“आन् तिनं काई केलं तं?”

हा प्रश्न सून अश्विनीनं विचारला होता. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पाच वर्षांची छकुली तिच्या मागं. “माही पोरगी लहान हाये, सिस्टर. मले भेव लागते. तुमी तं निंगून जासाल.”

तिचं काही चुकलं नव्हतं. मी तरी कोणत्या तोंडानं हमी देणार? आजाराची हमी कोणी देत नाही.

“लागते तं लागू दे भेव,” मी म्हटलं. “मलेबी पयले वर्षभर लागे. तू तिच्यासमोर बस, पाठीमांगं नोको राहू. आज काय करून राह्यली जेवाले?”

“वांगे.”

“विळी आन.”

उत्तमरावांनी “सिस्टर...” म्हटलं आणि पुढचं गिळलं. अश्विनीनं छकुलीला आजोबांकडे ढकललं, आत गेली, आणि विळी, वांग्यांची टोपली, पाण्याचं पातेलं असं एकेक आणून जमिनीवर ठेवलं. तानुबाई ओसरीवरून हे पाहत होती. मी हाक मारली. ती आत आली, पण पिशवी काही सोडेना. पिशवी घेऊनच विळीसमोर बसली.

“पिशी ठेव ना खाली,” मी म्हटलं.

तिनं पिशवी खाली ठेवली. विळीच्या पात्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी वॉर्डात साधी पिनसुद्धा राहू दिली नाही. तानुबाईनं विळीच्या पाटावर पाय ठेवला आणि मान वळवून मला विचारलं, “चिरू काय?”

‘चीर’ असं माझ्या तोंडात आलं होतं. एकोणीस वर्षं ती प्रत्येक गोष्ट मला विचारून करायची. अंघोळीला जाऊ काय, खिडकी उघडू काय, झोपू काय. आणि मी सांगायचे. मला ते आवडायचं.

“मले काय विचारतं?” मी म्हटलं. “घर काय माहं हाये? अश्विनीले विचार.”

तानुबाईनं अश्विनीकडे पाहिलं. अश्विनी तिच्यासमोर बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. तिची नजर विळीवरून छकुलीकडे गेली, परत विळीवर आली. मला वाटलं, संपलं, आता मी हिला घेऊन जाणार.

“चिरा, आत्याबाई,” अश्विनी म्हणाली. “पन बारीक नका करू. मोठ्या फोडी करा, छकुलीच्या बाबाइले मोठ्या लागतात.”

पहिलं वांगं वेडंवाकडं चिरलं गेलं. दुसरं थोडं बरं. तिसऱ्याला तिनं देठ धरून ते गर्रकन फिरवलं आणि चार सारख्या फोडी टपटप पाण्यात पडल्या. चौथ्याला ती थांबली आणि फोड नाकाशी नेली.

“किडेल हाये हे. कोनाच्या वावरातले आनले?”

“बाजारातले होत.”

“पायत जाय ना घेतानी! फसवलं तुले.”

अश्विनीला हसू आलं. “मले नाई समजत, आत्याबाई.”

“मंग मले नेत जाय बाजारात,” तानुबाई म्हणाली आणि किडकं वांगं बाजूला फेकलं.

उत्तमराव भिंतीकडे तोंड करून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. मी पर्स उचलली. भेटीच्या फॉर्मवर ‘घरीच राहणार’ या रकान्यात खूण केली, त्यांची सही घेतली. चहा झाला. जेवून जा म्हणून त्यांनी आग्रह केला, पण मला तिथं बसवेना. त्या घरात रडायचं माझं काही कारण नव्हतं.

“येतो मी, तानुबाई,” मी दारातून म्हटलं.

छकुली एव्हाना आजोबांच्या हातातून सुटून विळीपासून दोन हातांवर येऊन बसली होती आणि पाण्यातल्या फोडी बोटानं बुडवत होती. अश्विनीचा जीव वरखाली होत होता, पण तिनं पोरीला मागं ओढलं नाही. तानुबाईनं चिरता चिरता हात थांबवला आणि पोरीला दटावलं, “मांगं सर वं, लागंल! मोठी झाली का शिकवतो तुले.”

“तानुबाई, निंगतो मी.”

“हाव,” ती म्हणाली. मान वर केली नाही.

मी उंबरठ्यावर थोडी थांबले. काही म्हणेल असं वाटलं होतं. ती अश्विनीला विचारत होती, घरात शेंगदाण्याचं कूट आहे का.