गुडघ्याला लावायची दारू

सरलाचे गुडघे दुखायचे. होळी गावात आमची मोगऱ्याची वाडी आहे. मोगऱ्याच्या कळ्या उकिडवं बसूनच काढाव्या लागतात, आणि ती लग्न होऊन आल्यापासून त्या काढत होती. डॉक्टरच्या गोळ्यांनी पोट बिघडायला लागलं, तेव्हा शेजारच्या कार्मिनबायनं तिला एक बाटली दिली. घरी काढलेली गावठी, तिच्यात कापूर विरघळवलेला. आमच्याकडे वाड्यांत राबणाऱ्या बायका ती गुडघ्याला चोळतात, वरून त्यातच भिजवलेलं फडकं बांधतात आणि कामाला लागतात. सरलानं दारूचा थेंब कधी तोंडात घेतला नाही. मीही घेत नाही.

त्या दिवशी पहाटे ती फुलांची टोपली घेऊन बाजाराकडे निघाली. आमच्या रस्त्याला चालायला वेगळी जागा नाही, कडेच्या मातीवरूनच जायचं. मागून गाडी आली आणि तिला उडवलं. गाडी बोळिंजच्या उमंग नावाच्या मुलाची. रात्रभर कुठल्या तरी बंगल्यावर पिऊन परत येत होता. गाडी तिथंच टाकून तो पळाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वकिलाला घेऊन पोलिसांत हजर झाला. तोवर त्याला कसलाच वास नव्हता.

वास सरलाला येत होता. फडकी ओलीच होती. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "बाई फुल आहे." थांबलेला रिक्षावाला ते ऐकून निघून गेला. आमचा पाववाला तिथं होता, त्यानं मला हे नंतर सांगितलं. इस्पितळात डॉक्टरनं कागदावर लिहिलं, दारूचा वास येतो. रक्त काही तपासलं नाही. तो कागद तेव्हा मी पाहिला नव्हता, सरलानं तर नाहीच.

दुसऱ्या संध्याकाळी ती शुद्धीवर आली.

"पोलीस आले का?"

"येतील. तू बोलू नको."

"कार्मिनबायचं नाव काढू नका. मागं एकदा पकडलीय तिला. आता आत टाकतील."

"बरं."

"बरं नको. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

मी घेतली. सकाळी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर हवालदारानं जबाबासाठी बोलावलं. माझी मुलगी हेमांगी जूचंद्रहून आली होती, ती बरोबर होती.

"काका, तिकडचा वकील म्हणतो, बाई पिऊन गाडीसमोर आली. डॉक्टरनं वास लिहिलाय. तुमचं काय म्हणणं?"

"गुडघ्याला लावली होती."

"काय लावली होती?"

"दारू. कापूर घालून. गुडघे दुखायचे तिचे."

शेजारच्या टेबलावरचा शिपाई म्हणाला, "लिहा साहेब, बाई नाही, गुडघे टाइट होते."

हवालदार हसला, मग हेमांगीकडे बघून त्यानं तोंड सारखं केलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मी खोटं म्हणत नाही, काका. पण मी मानून काय होणार? बाटली ज्यानं दिली त्याला आणा. कशासाठी दिली ते सांगू दे. वकिलाचं तोंड तिथंच बंद."

"देणाऱ्याचं काय होईल?"

"गावठी ना? मग त्याचंही बघावं लागेल."

मी म्हटलं, मुलीशी बोलून येतो. बाहेर जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या रांगेजवळ आम्ही उभे राहिलो.

"सांगा ना नाव," हेमांगी म्हणाली. "उद्या कोर्टात आईला दारुडी म्हणतील. तो सुटेल. ऐकवेल तुम्हाला?"

"तिनं शपथ घातलीय."

"आपल्याबद्दल काय लिहिलंय ते आईला माहीत होतं का? माहीत असतं तर घातली असती?"

सरलानं तरीही घातली असती असं मला वाटलं. नसती घातली असंही वाटलं. विचारायला ती नव्हती.

"बाबा, कार्मिनमावशीचं मलाही वाईट वाटतं. पण ती म्हातारी आहे, जामीन मिळेल. आईला कोण जामीन राहणार?"

मी आत गेलो. मला एक वाट सुचली होती. कार्मिनबाय वाचेल, सरलाही वाचेल, असं वाटलं.

"बाटली माझी," मी म्हटलं. "मी पितो. तीच तिनं गुडघ्याला लावली."

हवालदारानं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. घरात गावठी दारू ठेवलेली असे. पती नियमित सेवन करत असे. मयत दारू केवळ गुडघ्यास लावत असे, असे पतीचे म्हणणे.

"काका, आता तुम्हीच बघा," तो म्हणाला. "नवरा पितो, बाटली घरात, आणि बायको तेवढी गुडघ्याला लावते. हे कोण ऐकणार? तुम्ही त्या वकिलाचंच काम केलंत."

"मग ते खोडा."

"खोडतो. मग बाटली कुणाची?"

"माझे बाबा कधीच पीत नाहीत," हेमांगी म्हणाली.

"तेच विचारतोय, ताई. मग कुणाची?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. नाव तिच्याही ओठांवर होतं. मी मान हलवली. ती उठली आणि बाहेर निघून गेली. न खोडलेल्या त्याच जबाबावर मी सही केली. बाहेर आलो तेव्हा ती तिथं नव्हती. जूचंद्रला फोन केला तर जावयांनी उचलला. म्हणाले, ती जरा आडवी झालीय, नंतर करेल.

संध्याकाळी कार्मिनबाय भात आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण घेऊन आली. पायरीवर बसली.

"जबाब झाला, जगूभाऊ?"

"झाला."

"गुडघ्याचा सांगितलास ना? लिवला त्यांनी?"

"लिहिलं."

"कोनाकडना आनली, ते विचारलान?"

"नाही विचारलं."

"मग बरा झाला. माजा जीव टांगनीला होता. माझ्यापायी सरलाबायचा नाव खराब झाला असता, तर मी जाऊन सगळा कबूल केला असता. मग घाला मला आत, बोलले असते." तिनं पदरानं डोळे पुसले. "जेव आता."

मी काही बोललो असतो तर ती तशीच उठून पोलिसांत गेली असती. चपलाही घातल्या नसत्या. मी ताट पुढं ओढलं. ती ताटात काही राहतंय का ते बघत बसली, आणि मी जेवलो.