‘ती’ बंदरात पोचली

मित्रांनो, माझ्या कळांवरची निम्मी अक्षरे आता पुसली गेली आहेत. रूळ कडक झाला आहे आणि शाईची फीत वाळून गेली आहे. तरीही मला ओळखलेत ना? मी टाइपरायटर. माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण माझे आयुष्य गेले नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, मासेमारीच्या एका गावातल्या छोट्याशा वर्तमानपत्रात. माझे टेबल रस्त्याकडच्या खिडकीला लागून होते. त्यामुळे मला बातमी लिहिणारी माणसे दिसत, आणि ती वाचणारीही.

माझ्यावर अनेकांनी बोटे चालवली, पण माझी खरी सोबतीण व्हर्ना कॉर्कम. ती नोकरीला आली तेव्हा कळांवर अशी तुटून पडे की मला वाटे, ही मला वर्षभरात मोडणार. मन लावून काम करायची, पण लिहिताना एकच नाव परत परत आणायची. कोबीच्या लोणच्याच्या स्पर्धेची बातमी मला अजून आठवते. मिसेस टॅनरने लोणचे आणले, मिसेस टॅनरच्या लोणच्याला बक्षीस मिळाले, मिसेस टॅनरने मिसेस टॅनरच्या बहिणीचे आभार मानले!

आमचे संपादक ओटिस निकल यांनी तो कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. ते म्हणाले, “अगं, टॅनरबाईंना एकदा दारातून आत घेतलंस ना? मग दर वाक्याला त्यांना परत बाहेर काढून घंटी कशाला वाजवायला लावतेस?”

मग त्यांनी तिला शिकवले. एकदा नाव सांगितले की पुढे ‘ती’ पुरते. दोन वस्तू असतील तर ‘पहिली’ आणि ‘दुसरी’ म्हणता येते. एकाने जे केले तेच दुसऱ्यानेही केले, तर सगळे पुन्हा न सांगता ‘त्यानेही तसेच केले’ एवढे लिहिले तरी भागते. नावाच्या जागी हे छोटे शब्द बसले की इंग्रजी हलकी होते, पळायला लागते. व्हर्नाने ते मनावर घेतले. तिच्या बातम्या हळूहळू अशा वाहू लागल्या की निकलसाहेबांची निळी पेन्सिल नुसती पडून राहू लागली. मलाही बरे वाटे. तेच तेच नाव ठोकण्यात कसली आली आहे मजा?

आणि मग ते वादळ आले.

आमच्या गावच्या दोन बोटी तेव्हा दूर समुद्रात कॉड माशाच्या मागावर होत्या. एक ‘क्लारा मे’ आणि दुसरी ‘ओल्गा डॉन’. वारा असा सुटला की धक्क्यावरच्या मासे वाळवायच्या फळ्या उडून रस्त्यात आल्या. बोटींकडून काही कळेना. वादळ ओसरले तरी कळेना. बायका सकाळी कामे उरकून आमच्या खिडकीसमोर येऊन उभ्या राहू लागल्या, कारण किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रातून बातमी आली की आम्ही ती टाइप करून काचेवर आतून चिकटवत असू. त्या बायका एकमेकींच्या शाली नीट करत, आणि काचेतून माझ्याकडे बघत. मित्रांनो, इतक्या डोळ्यांसमोर गप्प बसून राहणे सोपे नसते.

त्यांच्यात लिओटा हिमेलमन होती. तिचा नवरा स्टॅनेज ओल्गा डॉनवर होता. तिच्या शेजारीच आयडा झ्विकर उभी असे. तिचा मुलगा क्लारा मेवर होता. दोघी एकाच गल्लीत राहणाऱ्या.

एका दुपारी फोन वाजला. निकलसाहेबांनी ऐकता ऐकता मोठ्याने सांगितले आणि व्हर्नाने लगेच माझ्यात कागद घातला. वाक्ये सवयीने सुबक उतरली:

‘वादळात क्लारा मेची ओल्गा डॉनपासून ताटातूट झाली. आज दुपारी ती लुईबर्ग बंदरात पोचली. तिच्यावरचे सर्व जण सुखरूप आहेत. दुसरीचा शोध चालू आहे.’

निकलसाहेबांनी वाचून मान डोलवली. “छान. एक शब्द जास्त नाही,” ते म्हणाले, आणि कागद काचेवर लागला.

बाहेर गर्दी पुढे सरकली. आयडाने वाचले आणि छातीवर हात दाबून रडू लागली. लिओटाने वाचले. ओठ हलवत पुन्हा वाचले. मग तिने आयडाला मिठी मारली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, रडत होत्या. लिओटा वळली आणि चढावरून घराकडे जवळजवळ पळतच सुटली.

व्हर्ना हसत बघत होती. मग तिचे हसू गेले.

“साहेब,” ती म्हणाली, “दोघीही खूश झाल्या.”

“मग?”

“बोट एकच आलीय.”

निकलसाहेबांनी कागदाकडे पाहिले. तुम्हाला ठाऊक आहे, आपण बोटीला ‘ती’ म्हणतो. इंग्रजीतही बोट ‘ती’च असते. पण ती म्हणजे कुठली? बंदरात पोचली होती क्लारा मे. आयडाने तेच वाचले होते. लिओटाने मात्र ‘ती’च्या आधीचे सगळ्यांत जवळचे नाव धरले होते, तिच्या नवऱ्याच्या बोटीचे. वाक्यात दोन्ही अर्थ मावत होते. माझ्या एकाही कळेने चूक अक्षर उमटवले नव्हते.

“मी जातो,” निकलसाहेब म्हणाले. “शाबासकी मीच दिली.”

“लिहिलं मी,” व्हर्ना म्हणाली. तिने काचेवरचा कागद ओढून काढला आणि दुसरा माझ्यात घातला. क्लारा मे बंदरात पोचली. क्लारा मेवरचे सर्व जण सुखरूप आहेत. ओल्गा डॉनचा शोध चालू आहे. ओल्गा डॉनची अजून काहीही खबर नाही. इतके जड, ठोकळेबाज लेखन तिने कित्येक महिन्यांत केले नव्हते. तो कागद निकलसाहेबांच्या हातात देऊन, कोटही न घालता ती बाहेर पडली.

परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग तिने साहेबांना सांगितले. लिओटाच्या घरी चुलीवर बटाटे चढले होते. मुलांनी बापाचे कोरडे बूट चुलीजवळ ऊब लागावी म्हणून आणून ठेवले होते. ‘ती क्लारा मे होती’ एवढेच व्हर्ना म्हणू शकली. लिओटाने मुलांना शेजारी पाठवले, भांडे चुलीवरून उतरवले आणि विचारले, “मग तसं लिहिलं का नाहीस गं?”

एवढे सांगून व्हर्नाने काचेवरून काढलेला पहिला कागद साहेबांसमोर ठेवला.

पुढचे दिवस मी सांगत बसत नाही. एक दिवस ओल्गा डॉनच्या फळ्या सेबल बेटाच्या वाळूत सापडल्या. माणसे सापडली नाहीत.

श्रद्धांजलीचे पान लावायचे होते, तेव्हा लिओटा स्वतः आमच्याकडे आली. व्हर्ना उठून उभी राहिली. आता ही काय बोलेल, या भीतीने तिची बोटे माझ्या कळांवर गच्च दाबलेली होती, अक्षरे उमटवणाऱ्या दोन दांड्या एकमेकींत अडकल्या तरी तिला कळले नाही. लिओटा खुर्चीवर बसली.

“त्याच्याबद्दल तूच लिही,” ती म्हणाली. “फक्त ‘तो’, ‘मृत खलाशी’, ‘दुसरा’ असलं काही नको. स्टॅनेज लिही. प्रत्येक वेळी स्टॅनेज. घरात आता या नावाने हाक मारायला कुणी नाही. इथे तरी असू दे.”

व्हर्नाने अडकलेल्या दांड्या हलकेच सोडवल्या आणि लिहायला लागली. स्टॅनेज इथेच जन्मला. स्टॅनेजला वल्ही घडवता यायची. स्टॅनेज चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून बेसूर गायचा. लिओटा सांगत होती आणि मी ते नाव उमटवत होतो. कागद निकलसाहेबांकडे गेला तेव्हा त्यांनी सवयीने पेन्सिल हातात घेतली, वाचत गेले, आणि एकही अक्षर न खोडता तो छपाईला पाठवला.

त्यानंतरही व्हर्नाने माझ्यावर खूप वर्षे लिहिले. ‘ती’, ‘तो’, ‘दुसरी’, ‘तसेच’ हे शब्द तिने सोडले नाहीत, आणि का सोडावेत? पण असा प्रत्येक शब्द उमटवण्याआधी तिची बोटे क्षणभर थांबत. मला ते थांबणे ओळखू येई. पुढे नवी यंत्रे आली. माझ्यावर आधी कापड पडले, मग धूळ. आता मी गावच्या वाचनालयात एका कपाटावर आहे. मुले येतात, माझ्या कळा दाबून हसतात आणि निघून जातात.

मित्रांनो, माझी धूळ कुणी पुसली तर मला आनंदच होईल. पण माझे मागणे वेगळे आहे. नावाच्या जागी छोटा शब्द खुशाल बसवा, त्याने भाषा सुंदर होते. फक्त तो कोणाच्या जागी बसला आहे, हे एकदा परक्याच्या डोळ्यांनी वाचून बघा. कारण तुमचा कागद कुणी काचेपलीकडे उभे राहून वाचत असेल, आणि तुमच्या एका ‘ती’वर विश्वास ठेवून घरी जाऊन चूल पेटवेल.