टाकीच्या झाकणावरचा साबण

नेरळच्या गुप्तेबाईचा ट्रॅक्टर आमच्या ह्यांनी जिवंत केला तेव्हा सगळ्या शिळफाट्यानं कौतुक केलं, एक मी सोडून. मी का करावं? त्याच्या अंगावरचा गंज माझ्या लुगड्यानं पुसला होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष होतं. ट्रॅक्टर म्हणजे शेतातलं मोठं धूड नव्हे. बागेत फिरवायचा, म्हशीएवढा, एका सिलिंडरचा, कुणा साहेबानं विलायतेहून आणवलेला. साहेब गेला, बंगल्याला कुलूप लागलं आणि ट्रॅक्टर गोठ्यात कित्येक वर्षं गंजत राहिला. कोंबड्या त्याच्या सीटखाली अंडी घालायच्या. मग मुंबईहून ही गुप्तेबाई आली. नवरा वारलेला, वय चाळिशीच्या आसपास. तिनं तिथं मोगरा लावायचं मनात घेतलं. शिळफाट्यावर आमच्या ह्यांचं इंजिनदुरुस्तीचं दुकान होतं, खोपोली-खालापूरच्या भातगिरण्या आणि पाण्याचे पंप सगळे ह्यांच्याच हाताखालून जायचे. बाईनं निरोप धाडला आणि हे गेले.

पिस्टन पार धरून बसला होता. ह्यांनी वरून रॉकेल ओतून तो मुरत ठेवला, मग लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू ठोकून सोडवला. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो घरी आणला, तो माझ्या पापडांच्या शेजारी उन्हात वाळत पडला. कार्बोरेटरची भोकं कोंबड्याच्या पिसानं साफ केली. सगळा उन्हाळा हेच चाललं होतं. घरातला स्टोव्ह भडकत होता, तो मात्र कुणाला दिसला नाही. चिंधी मागितली तर मीच खुळी, जुनं लुगडं फाडून दिलं.

असो. ट्रॅक्टर चालू झाला, बाईनं पेढे पाठवले. मला वाटलं, सुटलो. पण मग तो बंद पडायला लागला.

झहीर म्हणून एक टेंपोवाला होता, तो नेरळहून भाजी घेऊन शिळफाट्याच्या बाजारात यायचा. निरोप त्याच्याकडेच असायचा. बाईंचा ट्रॅक्टर पुन्हा बसलाय, असं त्यानं सांगितलं की हे हात धुवायला उठायचे. साधे नाही, कोपरापर्यंत, साबण लावून. मग धुतलेला सदरा. खालापूरच्या गिरणीवर जाताना ह्यांनी कधी नखं तरी पाहिली असतील का? गिरणीवाला खोळंबला तर खोळंबला, नेरळचं काम मात्र त्याच दिवशी. संध्याकाळी परत यायचे ते हसऱ्या तोंडानं, आणि भाकरीला नावं न ठेवता जेवायचे. माझा जीव नुसता जळायचा. ट्रॅक्टर बंद पडत नाही, ही बाई तो मुद्दाम पाडते, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका उरली नव्हती.

एकदा हे खालापूरला गेलेले असताना झहीर तोच निरोप घेऊन आला. मी सांगितलं, मेस्त्र्यांनी मलाच जाऊन बघायला सांगितलंय. झहीरनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं पुढची सीट फडक्यानं झटकून दिली. वाटेत मी बाईला काय काय सुनवायचं ते मनात घोकत गेले.

बाई वाफ्यात होती. हात शेणानं भरलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, पायात कुणा पुरुषाच्या मोठ्या चपला. दिसायला काही विशेष नव्हती. त्यानं तर माझा आणखीच जळफळाट झाला. देखणी असती तर मला निदान कारण तरी कळलं असतं.

मी मेस्त्र्यांची बायको म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. तिनं माझ्याकडे ह्यांचीच तक्रार केली. मेस्त्री इथं असले की ट्रॅक्टर दिवसभर चालतो, म्हणाली, आणि ते गेले की दुसऱ्या दिवशी माळी बसतो तर पाव तासात बंद. वैताग आलाय, आता विकूनच टाकते. मी पाठ केलेलं सगळं फुकट गेलं. अशी बाई मुद्दाम कशाला बंद पाडेल?

मग तिनं विचारलं, "काय हो, तुमच्या मिस्त्रींचं नाव काय? इतक्या वेळा येतात, मी आपली मिस्त्रीच म्हणते."

मी खाली मान घातली. "आमी नाव नाय घेत."

"राहू दे मग," ती हसून म्हणाली आणि पुन्हा वाफ्यात वाकली.

मी गोठ्यात गेले. पाव तास चालून बंद पडणारं इंजिन. हे मी कुठंतरी ऐकलं होतं. मागं खालापूरच्या गिरणीत एका गड्यानं पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजवलं होतं. तेल खाली उतरायचं तर वरून हवा आत जायला लागते, नाहीतर इंजिन उपाशी मरतं. घरी जेवताना ती गोष्ट सांगून आमचे हे त्या गड्याला हसून हसून बेजार झाले होते.

मी झाकण पाहिलं. मोहरीएवढं भोक, आणि त्यात साबण दाबून भरलेला. करडा साबण.

गळक्या टाकीला साबण सगळेच मेस्त्री चोपडतात. त्यात चुलीतली राख मळणारे आमचे हे एकटेच, रॉकेलनं तो लवकर सुटत नाही म्हणून. ती राख फडक्यातून गाळून डबीत भरून द्यायचं काम माझं. माझ्याच चुलीतली राख मी ओळखणार नाही?

केसातला आकडा काढून मी भोक मोकळं केलं. माळ्यानं हँडल मारलं. सगळी बाग नांगरून होईपर्यंत मी बांधावर बसून राहिले. ट्रॅक्टर एकदाही अडला नाही. साबणाची गोळी पदराला बांधली आणि झहीरबरोबर घरी आले. त्याला बजावलं, मी आले होते हे मेस्त्र्यांना सांगायचं नाही.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, झहीर आला होता का. आला होता, मी म्हटलं, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ह्यांना उमगेना. बंद तर पडायलाच हवा होता, स्वतःच्या हातानं केलेलं काम. टेंपोचा आवाज आला की हे दुकानातून रस्त्यावर यायचे. हात आधीच कोपरापर्यंत धुतलेले.

मला वाटलं होतं, मला मजा येईल. पहिल्या दिवशी आलीसुद्धा. पण जात होते तेव्हा निदान परत तरी यायचे. आता घरात बसून सारखे तिकडेच होते. माझ्याकडे पाहून जेवायचे आणि मी त्यांना दिसायची नाही.

आठवडाभरानं मी पदराची गाठ सोडली आणि गोळी त्यांच्या ताटात, भाकरीच्या शेजारी ठेवली. ते तिच्याकडे बघत राहिले. आता ओरडतील, नाही म्हणतील, माझ्यावरच उलटतील, आणि मग मी घर डोक्यावर घेईन, अशी मी तयारीनं बसले होते. त्यांनी गोळी नुसती उचलून ताटाबाहेर ठेवली. मग मला जे सगळ्यात जास्त लागेल असं वाटत होतं ते मी काढलं.

"तिला तुमचं नावसुदिक ठावं नाय."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तिनं कदी इचारलंच नाय."

आणि भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला. भांडणच संपलं. जिनं नाव विचारलं नाही तिच्यासाठी हा माणूस रोज रस्त्यावर उभा होता, आणि ज्या नावाचा मान म्हणून मी ते इतकी वर्षं ओठांवर येऊ दिलं नाही, ते माझ्याकडे तसंच पडून होतं. माझ्या अंगाची आग आग झाली.

"कमळाकर," मी म्हणाले. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा.

कुणी बाहेरून हाक मारली की काय म्हणून त्यांनी दचकून दाराकडे पाहिलं.