गोगलगाईला ऐकू येतं का?

चौथीच्या वर्गात तिला सगळे 'सावकाश' म्हणायचे. तिचा डबा सगळ्यांच्या शेवटी संपायचा. फळ्यावरचं अर्धं उतरवून होतंय तोवर बाई फळा पुसून मोकळ्या. आणि तिला आवडायच्या त्याही गोगलगाई. मधली सुट्टी झाली की ती शाळेमागच्या ओल्या भिंतीशी उकिडवी बसून त्यांच्याकडे बघत राहायची.

बाई वर्गावर नवीन होत्या. एके दिवशी म्हणाल्या, "या वेळचा प्रकल्प पुस्तकातला नाही. ज्याला जे मनापासून आवडतं, ते घेऊन गटात यायचं. आणि गटातल्या प्रत्येकाची आवड कामी आली पाहिजे, बरं का!"

भराभरा गट झाले आणि तिघं उरली. एक सावकाश. दुसरा टकटक, त्याची बोटं बाकावर सारखी ताल धरून असायची आणि त्यापायी तो रोज बोलणी खायचा. तिसरी वकीलबाई, पुराव्याशिवाय ती कुणाचंच ऐकायची नाही, अगदी बाईंचंसुद्धा.

"गोगलगाय आणि बाक वाजवणं, यांचा मेळ कसा घालायचा?" टकटकने कपाळाला हात लावला.

"गोगलगाईला ऐकू येतं का, ते बघू," वकीलबाई म्हणाली.

"तिला कान नसतात," सावकाश हळूच बोलली.

"कशावरून?"

"मी रोज बघते. शिंगं असतात, कान नसतात. आणि पाय पोटात असतो."

"ती म्हण आहे गं! गोगलगाय अन् पोटात पाय!"

सावकाशने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरच्या काही गोगलगाई बरणीत घालून आणल्या, त्यातली एक काचेवर ठेवली आणि काच डोक्यावर धरली. खालून तिघांनी बघितलं. गोगलगाईचं अख्खं पोट पुढे सरकत होतं, त्यावरून बारीक बारीक लाटा धावत होत्या.

"आयला, खरंच पोटात पाय!" टकटक ओरडला.

इथवर छान चाललं होतं. मग गोगलगाय बाकावर ठेवून टकटकने वाजवायला सुरुवात केली. आधी बोटांनी, मग रंगात येऊन दोन्ही तळव्यांनी. बाक डुगडुगला आणि कडेशी गेलेली गोगलगाय खाली फरशीवर पडली. तिच्या शंखाला तडा गेला.

सावकाशने ती ओंजळीत उचलली. रडली नाही. "तू आमच्या गटात नकोस," एवढंच म्हणाली आणि बरणी घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

"मी मुद्दाम नाही केलं गं!" टकटकचा चेहरा एवढासा झाला.

बाईंनी सगळं पाहिलं होतं, पण त्या कुणालाच रागावल्या नाहीत. वकीलबाईच त्यांच्याकडे गेली. "बाई, शंख कशाचा असतो?"

"चुनखडी असते ना, तसल्याच पदार्थाचा. अंड्याचं टरफलही त्याचंच."

"म्हणून त्या भिंतीचा चुना खरवडून खातात!" सावकाश एकदम म्हणाली. "हिला टरफल दिलं तर शंख भरून येईल?"

"देऊन बघा."

टकटक मागच्या बाकावरून कान टवकारून ऐकत होता. त्याची आत्या केक करून विकायची. तिच्या घरी टरफलांना काय तोटा! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सावकाशच्या पुढ्यात एक पुडी ठेवली आणि तिथेच उभा राहिला.

तिने पुडी उघडली. आत पिठासारखी पांढरी भुकटी.

"एवढी बारीक?"

"आत्याच्या खलबत्त्यात कुटली. हात शिवशिवतातच माझे."

सावकाशला हसू आलं. ती बाकावर थोडी सरकली आणि तो बसला.

जखमी गोगलगाईला सुट्टी देऊन त्यांनी दुसरी घेतली. टकटकने बाकावर एका बोटाने ठोकलं की ती आत जायची. तिच्या डोक्यावर टाळी वाजवली तर मात्र ढिम्म. तिच्याखाली जाड टॉवेलची घडी ठेवली, मग बाकावर ठोकलेलंही तिला कळेना. वकीलबाईने सगळं पुन्हा पुन्हा करायला लावलं, गोगलगाय बदलूनसुद्धा. शेवटी तिनेच निकाल दिला, "ऐकू येत नाही. हादरा कळतो."

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात पालकांची ही गर्दी! खुर्च्या सरकत होत्या, पोरं पळत होती. टेबलावरची गोगलगाय शंखातून बाहेर येईना. वकीलबाईचं सगळं बोलून झालं, तरी येईना.

"झोपली वाटतं!" कुणाचे तरी बाबा म्हणाले, आणि हशा पिकला.

वर्गात कधी तोंड न उघडणारी सावकाश पुढे आली. "ती झोपलेली नाही. तुमच्या खुर्च्या आणि बूट तिला कळतायत. थोडा वेळ कुणीच हलू नका ना."

लोक गप्प झाले. उभे होते तिथेच थांबले. बराच वेळ काही झालं नाही. मग एक शिंग बाहेर आलं, पाठोपाठ दुसरं.

टकटकने जोरात टाळी वाजवली. गोगलगाय तशीच. मग त्याने टेबलावर बोट टेकवल्यासारखं ठोकलं, आणि ती आत!

"आई, बघ ना!" एक लहानगी किंचाळली. मग जो तो टॉवेल टाकून, टॉवेल काढून स्वतः ठोकून बघायला पुढे घुसला. सावकाश प्रत्येकाला सांगत होती, घसा बसेपर्यंत.

काही आठवड्यांनी तडा गेलेल्या जागी पांढरट पापुद्रा धरला. टकटकने जपून बोट फिरवलं. "खरखरीत आहे. पहिल्यासारखं नाही झालं."

"नाही होणार," सावकाश म्हणाली. "पण आत ती बरी आहे."

"आत्या विचारत होती, अजून टरफलं हवीत का?"

"हवीत ना. बरणीतल्या बाकीच्या गोगलगाईंनापण आवडतात."