आता नवीन काही निघत नाही

"पुरे झालं," म्हणत मॅडमनी रेकॉर्डर बंद केला. "संपृक्तता आली."

संपृक्तता म्हणजे आमच्या धंद्यात, सगळ्या बायका तेच तेच सांगायला लागल्या की थांबायचं. मॅडम, म्हणजे डॉक्टर म्सुक्वा, झोम्बा शहरात विद्यापीठात शिकवतात. मी, तादाला, त्यांची मदतनीस. मुलाखती घ्यायच्या, उतरवून काढायच्या. विषय होता, शाळा सुटलेल्या बायकांचे शाळेतले आणि लग्नातले अनुभव. बायका गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी निवडून दिलेल्या, मुलाखतीही त्यांच्याच ऑफिसात. प्रत्येकीने सांगितलं, शाळा छान होती, लग्नापायी सुटली. सांगितलं, मोबदल्याची साबणाची वडी घेतली आणि गेली.

बाहेर आंब्याखाली एनेलेसी नावाची एक बाई उरली होती. हिला कुणी निवडलं नव्हतं, ऐकून आपणहून आलेली. धुतलेलं चितेंजेचं कापड कमरेला गुंडाळून सकाळपासून बसली होती. तिला परत पाठवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

"अमाई," इथल्या मोठ्या बायकांना म्हणतात तसं मी म्हटलं, "आजचं संपलं. हा घ्या साबण."

"साबण आहे घरी. माझं कधी ऐकणार?"

"सगळ्यांनी एकच सांगितलं हो, म्हणून थांबलो. शाळा चालली होती, लग्न आडवं आलं..."

"माझं लग्न काही आडवं-बिडवं आलं नाही!" ती उसळली. "सातवीपर्यंत होते मी या शाळेत. काय केलं? मास्तरांच्या घरी पाणी भरलं, त्यांचा मका खुरपला. स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं मला. वाचायला शिकवलं ते नवऱ्याने. सायकली दुरुस्त करतो तो. ट्यूबच्या खोक्यांवरची अक्षरं लावत लावत शिकले. आता माझी पोरगी थोकोझानी चौथीत आहे. एक ओळ वाचता येत नाही, रोज मास्तरांची बादली घेऊन हापशावर उभी. तेवढं लिही, पोरी. तुमचं वरचे लोक वाचतात ना? मी बोलायला गेले की हेडमास्तर हाकलून देतो."

मी जवळजवळ पळतच जीपपाशी गेले.

"मॅडम, हिचं वेगळं आहे. अगदी उलटं!"

मॅडम पाणी पीत होत्या. "आधी भेटायला हवी होती. आता मांडणी ठरली, तादाला. एका बाईसाठी सगळं उसवत बसू? आणि हेडमास्तर दुखावले तर या शाळेत पुन्हा उभं करतील आपल्याला?"

"पण एकसारखं बोलणाऱ्या बायका त्यांनीच तर दिल्या!"

"गाडीत बस. रस्ता वाईट आहे."

मी बसले आणि दार असं आपटलं की ड्रायव्हर दचकला. त्याने माझं काय घोडं मारलं होतं? पण राग कुठेतरी काढायला हवा होता.

एनेलेसी खिडकीशी आली. "लिहिणार ना?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं. तिच्या तोंडाकडे बघून जमेना. "नाही," मी म्हटलं.

"बरं. मग उद्यापासून पोरगी घरी. बाप शिकवील."

"असं नका करू, अमाई! शाळा सुटली की..."

"सुटू दे की. शाळा सुटलेल्या पोरी शोधत तुम्ही येताच. तेव्हा तिला तरी लवकर आत बोलवा. माझ्यासारखी शेवटी बसवू नका."